डीएमएक्सच्या केबली घरी बनवल्या, आता ५ आणि ६ नंबरचे पार लाइट वेडे झाले

रातकिडा | शनिवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. मुक्काम मानेवाडा, नागपूर. दिवसा हिंगणा एमआयडीसीत नोकरी, रात्री लाइटचा जोडधंदा. मेहुण्याचं बिछायत केंद्र आहे, मंडप-खुर्च्या त्याच्या, म्हणून गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नाही. माझ्याकडचा माल म्हणजे आठ एलईडी पार (डब्यासारखे रंगीत लाइट), दोन २३० वॅटचे बीम (सरळ झोत मारणारे) आणि एक साधा कंट्रोलर. सगळं सेकंडहँड, एका ऑर्केस्ट्रावाल्यानं धंदा बंद केला त्याच्याकडून घेतलं.

लाइट बरे निघाले, पण डीएमएक्सच्या, म्हणजे कंट्रोलरचा हुकूम दिव्यांपर्यंत नेणाऱ्या, केबली भंगार. टोकाचे कॅनन (तीन पिनांचे गोल कनेक्टर) मोल्डेड, आत कुठं तुटलंय ते कळत नाही आणि उघडताही येत नाही. गणपतीत ऐन आरतीला अर्धी लाइन गेली. मंडळाच्या अध्यक्षांनी माईकवरून विचारलं, "लाइटवाले भाऊ जेवायला गेले का?" त्याच रात्री ठरवलं, केबली घरीच बनवायच्या.

बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) जाऊन दोन कोअरची शिल्डवाली वायर आणली, म्हणजे आत दोन तारा आणि वरून जाळी, वीस कॅनन आणले, दहा मेल आणि दहा फिमेल. दोन रविवार घालवून दहा केबली केल्या, एक २५ मीटरची, बाकी ५-५ च्या. प्रत्येक केबल मल्टीमीटरवर तपासली, तीन पिनांचे तीन बीप आले.

आता गंमत बघा. कंट्रोलरपासून आठ पार आणि शेवटी दोन बीम अशी ओळ. १ ते ४ एकदम मस्त. ५ आणि ६ वेडे, कधी बंद, कधी आपल्याच मनानं फडफडून राहिले. ७, ८ आणि दोन्ही बीम पुन्हा मस्त! ५-६ एका रिपेअरवाल्याकडे नेले. त्यानं पाहण्याचे तीनशे घेतले आणि सांगितलं, दोन्हीचं कार्ड (आतलं सर्किट) गेलं, अडीच हजार लागतील. घटस्थापना पुढच्या आठवड्यात, गरब्याची ऑर्डर घेऊन बसलोय. कार्ड टाकू का?

अमरावतीकर | शनिवार, रात्री ११:५९

दिव्यांचे पत्ते (प्रत्येकाचा सुरुवातीचा चॅनेल नंबर) नीट टाकलेत का? सात चॅनेलचा पार असेल तर १, ८, १५, २२, २९, ३६ असं जायला हवं. पाचवा २९ वर आहे का बघ.

रातकिडा | रविवार, रात्री १२:०४

हो भाऊ, २९ आणि ३६. तीनदा पाहिलं. आता तर झोपेतही तेच पाढे म्हणून राहिलो.

शेफालिका | रविवार, सकाळी ७:३०

शेवटच्या बीमला टर्मिनेटर लावलाय का? नसेल तर तो आधी बनवा, दहा मिनिटांचं काम आहे. एक मेल कॅनन घ्यायचा, २ आणि ३ नंबरच्या पिनांमध्ये १२० ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर सोल्डर करायचा (त्यावरचे पट्टे तपकिरी-लाल-तपकिरी), झाकण बंद, वर लाल टेप. ओळीतल्या शेवटच्या दिव्याच्या 'आउट'मध्ये खोचून द्यायचा. सिग्नल तारेच्या टोकाला पोचला की तिथून आपटून परत फिरतो आणि मागून येणाऱ्यावर आदळतो. रेझिस्टर त्याला तिथंच गिळतो.

आमच्या हौशी नाटक ग्रुपमध्ये राज्य नाट्य स्पर्धेच्या रंगीत तालमीला असाच प्रकार झाला होता. करुण प्रसंगात मागचा निळा दिवा लुकलुकत होता. दिग्दर्शक म्हणाला, राहू दे, छान वाटतंय.

तिकडम | रविवार, सकाळी ९:१५

पुण्याहून बोलतोय, स्पष्ट बोलतो. दोन कोअर शिल्ड म्हणजे तुम्ही माईकची वायर आणलीत. इथंच सगळं बिघडलं. डीएमएक्सला १२० ओहम इम्पिडन्सची (सिग्नलला होणारा तारेचा अडथळा) केबल लागते, माईकची साधारण ४५ ते ७५ ची असते. सेकंदाला अडीच लाख बिट्स जातात त्यातून, आवाज नव्हे. शिवाय मूळ स्टँडर्डमध्ये पाच पिनांचा कॅनन आहे, तीन पिनांचा नाहीच. सगळं फेकून द्या आणि योग्य माल घ्या.

रातकिडा | रविवार, सकाळी ९:४०

फेकून द्या म्हणायला काय जाते भाऊ. दोन रविवार गेले माझे. बोटाला दोन चटके आहेत ते वेगळे.

शून्य_ओहम | रविवार, सकाळी १०:२०

तिकडम यांचं म्हणणं कागदावर बरोबर आहे. १९८६ साली हे डीएमएक्स५१२ बांधलं गेलं तेव्हापासून पाच पिनाच सांगितल्यात, ४ आणि ५ बहुतेक रिकाम्याच राहतात. पण आपल्या बाजारात येणाऱ्या पारला मागे तीन पिनाच असतात, मग माणसानं काय करावं? आणि माईकची वायर लांब अंतराला दगा देईलही, रातकिडाभाऊंची ओळ मात्र सगळी मिळून सत्तर मीटरच आहे आणि शेवटचे बीम व्यवस्थित चालून राहिले. वायर वाईट असती तर सगळ्यात आधी शेवटचं टोक बोंबललं असतं. मधले दोनच का? टर्मिनेटर जरूर लावा, पण हे दुखणं त्यानं जाणार नाही असं मला वाटते.

एक करा. ५ नंबरचा पार काढून २ च्या जागी लावा, २ चा ५ च्या जागी. पत्ते जागेप्रमाणे बदला. मग सांगा, वेड दिव्यासोबत गेलं की जागेवर राहिलं.

अमरावतीकर | रविवार, सकाळी १०:३१

मस्त. भूत घरात आहे की माणसात, ते कळेल.

वायरमन_काका | रविवार, दुपारी १:१०

तुमचं डेटाचं चालू द्या, मला एवढंच विचारायचं आहे की पॉवरच्या केबली कुणी बनवल्या? डेटा चुकला तर दिवा नाचतो, पॉवर चुकली तर माणूस नाचतो. चाळीस वर्षं हेच काम केलं म्हणून विचारतो.

रातकिडा | रविवार, दुपारी १:२५

काका, पॉवरपण मीच. तीन कोअर दीडची (दीड चौरस मिमी) वायर, ३० मीटर, ड्रमवर गुंडाळलेली, टोकाला बोर्ड. आठ पार आणि दोन बीम सगळे एकावरच.

वायरमन_काका | रविवार, दुपारी २:००

हिशेब कर. पारवर १५० वॅट लिहिलंय समजू, आठाचे १२००. बीम ३५०-३५० धर. १९०० वॅट, भागिले २३०, म्हणजे सव्वाआठ अँपिअर. म्हणजे ६ अँपिअरचा टॉप (प्लग) इथंच बाद, १६ चाच हवा. दीडच्या लवचीक तारेचा रेझिस्टन्स किलोमीटरला १३ ओहमच्या आसपास. ३० मीटर जायचे, ३० यायचे, ६० मीटरचे झाले पाऊण ओहमहून थोडे जास्त. त्यातून सव्वाआठ अँपिअर गेले की पन्नास वॅटच्या वर उष्णता तारेतच जिरते. तार जमिनीवर मोकळी पसरली असेल तर कळणारही नाही. ड्रमवर गुंडाळलेली असेल तर पन्नास वॅटचा बल्ब गादीत लपेटून ठेवल्यासारखं आहे. त्यात आपल्या नागपूरचा मे महिना, लॉनवरची हवाच ४५ ची. पीव्हीसीचं इन्सुलेशन ७० डिग्रीचं असते, किती अंतर उरलं तूच बघ. मी ड्रम कापून पाहिलेला आहे, आतली वायर एकमेकीला चिकटून जिलबी झाली होती.

ड्रम पूर्ण उलगडायचा, अडीचची वायर घ्यायची, आणि जमल्यास दोन वेगळ्या लाइनी करायच्या.

टॉप उघडलास की हिरवा-पिवळा अर्थला, तपकिरी फेजला, निळा न्यूट्रलला. जुन्या वायरीत हिरवा, लाल, काळा. अर्थची तार बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेव. वायर ओढली गेली तर सर्वात शेवटी अर्थ सुटली पाहिजे. तारांच्या टोकाला सोल्डर लावून स्क्रूखाली दाबू नको, सोल्डर मऊ असते, दाबानं हळूहळू पसरते आणि स्क्रू सैल होतो. मूठभर लग (तारेच्या टोकाला बसवायचे धातूचे तुकडे) आण आणि दाबून लाव. मागची पट्टी वायरच्या बाहेरच्या जाकिटावर बसली पाहिजे, आतल्या कोअरवर नाही. आणि मेनला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. गरब्यात पोट्टेपाट्टे लाइट टांगायच्या लोखंडी ट्रसला टेकून उभे राहतात.

कोराडीरोड | रविवार, दुपारी ४:४५

काकांच्या मुद्द्याला जोडून, मी भोगलेलं सांगतो. तीन वर्षांपूर्वी एका लॉनवर लग्न होतं, लॉनचं नाव सांगत नाही. थ्री फेज जनरेटर. त्याच्या न्यूट्रलचा नट ढिला. वरात दारात आली, डीजे चढला, आणि न्यूट्रल सुटला. न्यूट्रल गेला की तीन फेज आपसात भांडतात. ज्याच्यावर लोड कमी त्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज. माझ्या फेजवर चार पारच होते. मीटरवर ३४० पाहिलं तेवढ्यात पहिला पार फुस्स. मग दुसरा. स्टेजवर नवरीकडच्या मावशी म्हणाल्या, "फटाके आतच लावले का?"

तेव्हापासून लाइट जोडण्याआधी बोर्डावर मीटर लावतो, आणि जनरेटरवाल्यासमोर न्यूट्रलचा नट स्वतः पान्यानं आवळतो. तो चिडतो. चिडू दे.

शेफालिका | रविवार, सायंकाळी ५:१०

बाप रे. आमच्याकडे अजून हजार वॅटचे जुने पार आहेत. एकच चार अँपिअरच्या वर खातो, त्यामुळे काकांचा हिशेब आम्ही भिंतीवरच लिहून ठेवलाय.

बाजारातल्या निळ्या-करड्या गोल पॉवरकॉनबद्दलही (लाइटला वीज देणारे कनेक्टर) सांगते. निळा म्हणजे वीज आत, करडा म्हणजे पुढच्या दिव्याला. छान लॉक होतात, पण चालू लोडवर ते काढायचे नसतात, आधी मेन बंद करायचा. आमचा एक पोरगा सिनेमातल्यासारखा खट्कन फिरवून काढायचा. आतल्या पट्ट्या काळ्या झाल्या.

जुनापुराणा | रविवार, रात्री ८:३०

तुम्ही लोक नशीबवान. आम्ही १९८० च्या दशकात महाल भागातल्या गणपतीला डिस्को लाइट करायचो तो असा: गोड्या तेलाचा डबा, आत शंभराचा बल्ब, तोंडावर जिलेटिन पेपर, आणि बल्बच्या सिरीजमध्ये ट्यूबलाइटचा स्टार्टर. झाली उघडझाप. झालर पळवायची असेल तर मोटरीवर फिरणारा लाकडी रोलर, त्यावर तांब्याच्या पट्ट्या, वरून पत्र्याच्या जिभा घासत जायच्या. ठिणग्या उडायच्या, रेडिओ खरखरायचा, शेजारी शिव्या द्यायचे.

नंतर ऑर्केस्ट्रावाल्यांकडे विमानाच्या लँडिंग लाइटचे सेट आले, २८ व्होल्टचा एक दिवा, असे आठ सिरीजमध्ये म्हणजे २२४, थेट मेनवर. एक गेला की आठही गुल. कोणता गेला ते शोधायला शिडीवर मीच, कारण वजन कमी होतं. आता नाही.

रातकिडा | रविवार, रात्री १०:५०

अदलाबदल केली. वेड जागेवरच राहिलं! ५ नंबरचा पार २ च्या जागी एकदम शहाणा, आणि २ चा बिचारा ५ च्या जागी जाऊन वेडा. टर्मिनेटरही बनवून लावला, काही फरक नाही. म्हणजे कार्ड गेलेलं नाही. तीनशे रुपये मात्र गेले.

आता ४ ते ५ ची केबल बदलून पाहतो म्हटलं, तर जास्तीची केबल नाही. पण सांगा, ४-५ ची केबल खराब असती तर ७-८ कसे चालतील? सिग्नल तिच्यातूनच पुढं जातो नं?

तिकडम | रविवार, रात्री ११:०५

म्हणूनच म्हणतोय, वायर चुकीची आहे.

शून्य_ओहम | रविवार, रात्री ११:१२

थांबा, मला वाटतं सापडलं. पारच्या आत इन आणि आउट हे पिनेला पिन सरळ जोडलेले असतात, दिवा फक्त मध्ये कान लावून ऐकतो. आता समजा ४-५ च्या केबलीत २ आणि ३ उलटे लागलेत. पाचव्याला सिग्नल उलटा मिळतो, सहाव्यालाही उलटाच. आणि ६-७ ची केबलही तशीच उलटी असेल तर? उलट्याचं उलटं सुलटं. ७ पासून पुढं सगळे शहाणे.

तीन बीप आले म्हणता, पण कोणत्या पिनेपासून कोणत्या पिनेला, ते पाहिलं का? की नुसते बीप मोजले?

रातकिडा | रविवार, रात्री ११:१५

…नुसते मोजले.

रातकिडा | रविवार, रात्री ११:४१

बीप! ४-५ ची केबल, मेलची २ आणि फिमेलची ३. आणि ६-७ ची पण तशीच!! बाकी आठ सरळ. बायको उठून आली, म्हणे रात्री पावणेबाराला काय टिकटिक लावली. तिला सांगितलं उल्ट्याचं सुल्टं झालं. ती म्हणाली, झोपा आता.

पण दोनच केबली उलट्या कशा झाल्या, हे काही समजून नाही राहिलं. लाल ३ ला, पांढरी २ ला, शिल्ड १ ला, हे मी कागदावर लिहून समोर ठेवलं होतं.

शेफालिका | सोमवार, सकाळी ७:१५

एकट्यानंच बनवल्या का सगळ्या?

रातकिडा | सोमवार, सकाळी ७:५५

दुसऱ्या रविवारी भाचा मदतीला होता. तो साउंडवाल्याकडे जातो. वेळ वाचावा म्हणून एका टोकाला तो आणि एका टोकाला मी, असं दोन केबलींना केलं. एकाच सोल्डरगनसाठी दोघं भांडत होतो, मग पुढच्या त्यानं एकट्यानं केल्या.

शून्य_ओहम | सोमवार, सकाळी ८:०५

मिळालं उत्तर. साउंडमध्ये २ नंबर प्लस असतो, लाल तार २ ला जाते. डीएमएक्समध्ये १ शिल्ड, २ डेटा मायनस, ३ डेटा प्लस. भाच्याचा हात सवयीनं लाल घेऊन २ वर गेला. ज्या केबलीची दोन्ही टोकं त्याची, त्या चालल्या, कारण चूक दोन्हीकडे सारखी. दोन्ही टोकं तुमची, त्याही चालल्या. एक टोक मामाचं, एक भाच्याचं, तीच फसली.

अमरावतीकर | सोमवार, सकाळी ८:२०

चहा सांडला राव कीबोर्डवर 😄

वायरमन_काका | सोमवार, सकाळी ९:००

दोन्ही टोकं भाच्याची असलेल्या केबलीही उघड आणि लाल ३ ला कर. आज चालतात म्हणून सोडू नको. उद्या एखाद्या मांडवात घाईनं एक टोक कापून नवा कॅनन लावशील, रंग पाहून लावशील, आणि हाच धागा पुन्हा वर येईल.

सोल्डर कसा मारतोस तेही सांगून ठेवतो, कारण पहिल्या वेळी सगळे तेच विसरतात. मागचं टोपण आणि बूट आधी वायरीत ओव. मी स्वतः सुंदर सोल्डर मारून नंतर टेबलावर एकटं पडलेलं बूट पाहिलेलं आहे, एकदा नाही, सतरा वेळा. जाकिट दोन सेंटीमीटर सोल. शिल्डच्या जाळीचा पीळ घालून त्यावर स्लीव्ह चढव, नाहीतर एखादा केस सुटून २ ला टेकतो. कोअरचं टोक तीन-चार मिलीमीटरच उघडं ठेव. आधी तारेला सोल्डर पाज, मग पिनेची वाटी भर, मग वाटी गरम करून तार आत बुडव आणि गन काढ. दोन-तीन सेकंद, त्यापुढं प्लास्टिक मऊ होऊन पिन वाकडी होते. म्हणून सोल्डर करताना समोर जुना कॅनन खोचून ठेवायचा, पिना सरळ राहतात. सोल्डर चकचकीत दिसला पाहिजे, राखाडी दाणेदार दिसला तर पुन्हा गरम कर. आणि नंबर पिनेजवळ कोरलेला असतो तो वाच. मेल आणि फिमेल मागून पाहिलं तर १ आणि २ च्या जागा उलट दिसतात, जागेवर भरवसा ठेवू नको.

शेफालिका | सोमवार, सकाळी ९:३५

कॅननच्या बॉडीची चौथी टिकली असते ना, तिला शिल्ड जोडू नका. बॉडी ट्रसला टेकली की अर्थचे नको ते रस्ते तयार होतात. आणि भाचा साउंडवाला आहे म्हणून सांगते, लाइटची केबल चुकून मिक्सरच्या माईक इनपुटला जाऊ देऊ नका. कॅनन तोच, बसतो छान. पण तिथं फँटमचे (मिक्सरनं माईकला पुरवायचे) ४८ व्होल्ट असू शकतात, आणि लाइटमधली ती आठ पायांची चिप उणे ७ ते अधिक १२ पर्यंतच सोसते. आम्ही लाइटच्या सगळ्या केबलींना दोन्ही टोकांना पिवळी टेप लावतो.

तिकडम | सोमवार, सकाळी ११:००

ठीक आहे, दोष वायरचा नव्हता. पण पुढच्या वेळी १२० ची घ्या. जवळ कॅट-६ पडली असेल तर तीही चालते, १०० ओहमची असते. फक्त एकाच जागी कायम लावायला. एकसंध तारेची असेल तर रोज गुंडाळून-उलगडून महिन्यात तुटेल.

रातकिडा | सोमवार, रात्री १०:३०

दोन केबली सरळ केल्या. पूर्ण ओळ गच्चीवर लावली, दहाच्या दहा एकाच तालात. शेजारचे आजोबा म्हणे, गरबा इथंच आहे का? काका, अडीचची वायर आणि आरसीसीबी उद्या आणतो. तिकडमभाऊ, पुढचा रोल तुमच्या म्हणण्यानं. रिपेअरवाल्याकडे जाऊन तीनशे मागावं म्हणत होतो, मेहुणा म्हणाला जाऊ दे, पुढच्या वेळी खरंच काही बिघडलं तर कुठं जाशील.

मानेवाड्याचा_भाचा | सोमवार, रात्री ११:२०

मामा, नवीन खातं काढून लिहून राहिलो. सगळ्या महाराष्ट्रासमोर माझं नाव केलं. साउंडमध्ये २ नंबरच हॉट (प्लस) असते, मी चुकलो नव्हतो. तुमचा कागद तुम्ही तुमच्याकडे तोंड करून ठेवला होता.

रातकिडा | सोमवार, रात्री ११:२६

बरं बाबा. रविवारी सकाळी ये. तुझ्या तीन केबली उघडायच्या आहेत. आणि येताना तुमच्या दुकानातली दुसरी सोल्डरगन घेऊन ये.